पडद्यावरील मुंबई आणि पायांखालील मुंबई

[नभोवाणीवरील भाषण]

मुंबई पाहावयास आलेल्या पाहुण्यास काय काय दाखवावें, हें ठरविण्यास मुंबईकर गृहस्थास फारसा विचार करावा लागत नाहीं. गेटवे ऑफ इंडिया, राणीचा बाग, म्हातारीचा बूट, चौपाटी आणि महालक्ष्मीचें देऊळ एवढीं स्थळें झालीं कीं यजमान आपल्या कर्तव्यांतून मोकळा होतो, आणि पाहुणाहि आपण मुंबई पाहिली असें गांवीं जाऊन सांगूं लागतो. परंतु या शहरांत अशींहि कांहीं स्थळें आहेत कीं जीं सबंध देशानें अनेक वेळां पाहिलेलीं असून या यादींत मात्र कधींच येत नाहींत. लोकांनीं तीं पाहिलीं चित्रपटगृहाच्या अंधारांत. नायक जेथें न्यायालय समजून धांवत चढतो त्या पायऱ्या, खलनायक जेथें दडून बसतो ती ओसाड गिरणी, नायिका जेथें पावसांत भिजत चालते तो समुद्रकांठ, यांचें दर्शन कोट्यवधि प्रेक्षकांस घडलें. पण त्यांचें नांवगांव विचारावें असें फार थोड्यांस वाटलें. एखादा चेहरा रोज जिन्यांत भेटावा आणि त्याचें नांव मात्र जन्मभर ठाऊक नसावें, तसाच हा प्रकार आहे.

हा प्रकार केवळ गमतीचा असता तर त्याविषयीं बोलण्याचें विशेष कारण नव्हतें. पण मुंबईंतील अनेक घरांत एक प्रसंग नेहमीं घडतो. जुना चित्रपट चालू असतो. मुलें नायकाकडे पाहत असतात. आजीबाई मात्र नायकाच्या खांद्यावरून मागें पाहत असतात. मध्येंच त्या म्हणतात, "थांबव रे जरा! ती बघ आमची ट्राम. तिच्यांतून मी शाळेंत जात असें." नातू चित्र मागें घेतो, ट्राम पुन्हां येते आणि पुन्हां निघून जाते. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजीं बोरीबंदराहून दादरास गेली. त्यानंतर जन्मलेल्यांना ती भेटते ती पडद्यावरच. जुन्या बांधणीच्या दुमजली बसगाड्या सप्टेंबर २०२३ मध्यें आणि 'पद्मिनी' जातीच्या काळ्या-पिवळ्या टॅक्स्या त्याच वर्षाच्या ऑक्टोबरांत रस्त्यांवरून निवृत्त झाल्या. आजचीं मुलें उद्यां आजी-आजोबा होतील तेव्हां त्यांनाहि आपल्या नातवंडांस या गाड्या चित्रपटांतच दाखवाव्या लागतील.

चित्रपट काढणारांनीं हें सारें हेतुपुरस्सर जपून ठेविलें असें मात्र समजूं नये. कलागृहांत देखावे उभारण्यास पैसा लागतो. रस्ता, पाऊस आणि गर्दी फुकट मिळते. चेतन आनंद यांनीं १९५४ सालीं 'टॅक्सी ड्रायव्हर' काढला, तो मुंबईच्या खऱ्या रस्त्यांवर हिंडून. बासू चटर्जी यांच्या 'मंझिल' (१९७९) या चित्रपटांतील पावसाचें गाणें खऱ्याखुऱ्या पावसांत, मरीन ड्राइव्हच्या परिसरांत घेतलें गेलें. कथा लोक विसरले, पण तिच्या पाठीमागचें शहर शिल्लक राहिलें. या अर्थानें चित्रपट हें शहराचें दप्तर आहे. उणीव एवढीच कीं त्या दप्तरास सूचि नाहीं. कोणतें चित्र कोठलें, तें स्थळ कोणीं उभारलें, तेथें कोण राबलें, हें सांगणारी सूचि प्रत्यक्ष जाऊन, पाहून आणि वडीलधाऱ्यांना विचारूनच तयार होते. तिच्यांतील कांहीं पानें येथें चाळून पाहण्याचा विचार आहे.

आरंभ काळ्या घोड्यापासून करणें योग्य होईल. तेथें एस्प्लनेड मॅन्शन नांवाची एक लोखंडी सांगाड्याची जुनी इमारत आहे. सन १८६० नंतरच्या दशकांत ती उभी राहिली तेव्हां तिचें नांव वॉटसन हॉटेल असें होतें. तिचा सारा सांगाडा इंग्लंडांत ओतून, जहाजानें येथें आणून जोडण्यांत आला. या हॉटेलांत ७ जुलै १८९६ रोजीं ल्युमिएर बंधूंच्या प्रतिनिधीनें सहा लहान लहान हलतीं चित्रें दाखविलीं. तिकिटाचा दर एक रुपया होता. पॅरिस शहरांत ल्युमिएर बंधूंचा पहिला जाहीर खेळ २८ डिसेंबर १८९५ रोजीं झाला होता. म्हणजे या नव्या कलेस मुंबईपर्यंत पोहोंचावयास पुरते सात महिनेहि लागले नाहींत. भारतांत चलच्चित्रानें पहिलें पाऊल टाकलें तें याच उंबरठ्यावर. त्याच वर्षाच्या प्रारंभीं अमेरिकन विनोदकार मार्क ट्वेन येथें उतरला होता, आणि मुंबईच्या कावळ्यांवर त्यानें मोठें खुमासदार लिहून ठेविलें आहे.

पुढें हॉटेल बंद पडलें. त्याच्या प्रशस्त दालनांचे आडोसे घालून भाग पाडण्यांत आले, आणि त्यांत कचेऱ्या व बिऱ्हाडें आलीं. सन २००५ मध्यें इमारतीचा कांहीं भाग कोसळला. जगांतील धोक्यांत आलेल्या वास्तूंच्या एका आंतरराष्ट्रीय यादींत तिचें नांव त्याच सुमारास गेलें. सन २०१९ मध्यें ती रिकामी करण्यांत आली, आणि ती पाडावी कीं सांवरावी हा वाद न्यायालयापर्यंत गेला. ज्या देशांत चित्रपट हा घरोघरचा विषय आहे, त्या देशांत चित्रपटाच्या पहिल्या घराची अशी अवस्था व्हावी, आणि समोरून जाणाऱ्या शेंकडा नव्याण्णव लोकांस त्याची वार्ताहि नसावी, यापरतें आश्चर्य तें कोणतें?

तेथून हांकेच्या अंतरावर जहांगीर आर्ट गॅलरी ही चित्रशाला १९५२ पासून आहे. तिच्या आंत समोवार नांवाचें एक चिंचोळें उपाहारगृह होतें. 'छोटी सी बात' (१९७६) या बासू चटर्जींच्या चित्रपटांतील भिडस्त नायक आपल्या प्रतिस्पर्ध्यापुढें ओशाळा होतो तो याच ठिकाणीं. २०१५ सालीं तें उपाहारगृह बंद झालें. ज्यांनीं तेथें बसून तासन्‌तास चहा घेतला, त्यांस आतां तें टेबल पाहावयाचें झाल्यास चित्रपटच लावावा लागतो.

फोर्टमधून पायीं चालत हॉर्निमन सर्कलपाशीं आलें म्हणजे त्या प्रसिद्ध पायऱ्या दिसतात. एशियाटिक सोसायटीच्या, म्हणजे जुन्या टाउन हॉलच्या, या तीस पायऱ्या होत. ही इमारत १८३३ सालीं पुरी झाली. तिच्या भव्य ग्रीक धर्तीच्या खांबांमुळें चित्रपटवाल्यांनीं तिला कधीं न्यायालय केलें, कधीं सरकारी कचेरी केलें. प्रेक्षक मनानें त्या पायऱ्या कितीदां तरी चढला असेल. पण पायांनीं चढून आंत गेलेला विरळा. आंत काय आहे? सोपाऱ्याच्या स्तूपांत १८८२ सालीं भगवानलाल इंद्रजी यांस सांपडलेले करंडक या संस्थेनें सांभाळले आहेत. दान्ते या इटालियन महाकवीच्या काव्याची एक प्राचीन हस्तलिखित पोथीहि तिच्या संग्रहीं आहे. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांच्यासारख्या विद्वानांनीं या संस्थेंत प्राचीन शिलालेखांचा अभ्यास मांडला, आणि धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे भारतरत्न पांडुरंग वामन काणे यांचा तर या ग्रंथसंग्रहाशीं जन्माचा संबंध होता. खोट्या न्यायालयाच्या पायऱ्यांवर लोक थांबतात आणि खऱ्या सरस्वतीमंदिराच्या दारांतून परत फिरतात, ही गोष्ट थोडी लाजेची आहे.

जवळच बॅलार्ड इस्टेट आहे. आज जेथें या दगडी इमारती ओळीनें उभ्या आहेत तेथें पूर्वीं समुद्र होता. अलेक्झांड्रा गोदी, जिला आतां इंदिरा गोदी म्हणतात, ती खणतांना निघालेली माती व दगड टाकून ही जमीन तयार झाली, आणि गेटवे ऑफ इंडियाची आंखणी करणाऱ्या जॉर्ज विटेट यानेंच पहिल्या महायुद्धाच्या सुमारास येथील वास्तूंचा आराखडा केला. रविवारीं हे रस्ते इतके सुनसान असतात कीं चित्रपटांत त्यांस खुशाल विलायतेंतील शहर म्हणून खपवितां येतें. परदेशगमनाचा खर्च वांचविण्याची ही युक्ति चित्रपटवाल्यांनीं चांगलीच साधली आहे.

कुलाब्याच्या समुद्रालगतची मुकेश मिल मात्र निराळ्या मनानें पाहावी लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत निघालेली ही कापडाची गिरणी १९८२ सालीं आग लागून बंद पडली. त्याच वर्षीं, १८ जानेवारीपासून, दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखालीं मुंबईच्या गिरणी कामगारांचा सार्वत्रिक संप सुरू झाला होता. सुमारें अडीच लक्ष कामगार त्यांत उतरले. त्यांतील असंख्य लोक पुन्हां मागावर उभे राहिलेच नाहींत. कोणीं कोंकणची वाट धरली, कोणीं घाटावरची. कोणीं भाजीची टोपली घेतली, तर कोणाच्या मुलानें शाळा सोडली. त्यानंतर कित्येक वर्षें मुकेश मिलच्या काळवंडलेल्या भिंतींआड चित्रपटांचे दिवे लागत राहिले. 'हम' (१९९१) या चित्रपटांतील अतिशय गाजलेलें नृत्यगीत तेथेंच चित्रित झालें. भुताखेतांचे चित्रपटहि तेथें पुष्कळ निघाले, आणि मग ही गिरणीच झपाटलेली आहे अशी कंडी पिकली. वास्तविक तेथें भुतें शोधण्याचें कारण नाहीं. ज्या घरांतील मनुष्य एके काळीं भोंग्याच्या आवाजावर डबा घेऊन बाहेर पडत असे, त्या घरांत तें गाणें लागलें असतां वडील माणसें नर्तकांकडे न पाहतां मागच्या भिंतीकडे पाहतात, यांतच सर्व कांहीं आलें. अशा स्थळाचें नांव ठाऊक असणें म्हणजे ज्यांच्या श्रमांवर हें शहर उभें राहिलें त्यांची आठवण ठेवणें होय.

आतां मलबार टेकडीकडे वळूं. तेथील हँगिंग गार्डन सर्वांस ठाऊक आहे. त्या हिरवळीखालीं शहराच्या पिण्याच्या पाण्याचा सांठा आहे, हें त्या मानानें थोड्यांस ठाऊक असतें. आणि याच बागेंत १८९९ सालीं हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, ज्यांना लोक सावेदादा म्हणत, त्यांनीं विलायतेहून मागविलेला कॅमेरा लावून दोन मल्लांच्या कुस्तीचें चित्र घेतलें, हें तर जवळजवळ कोणासच ठाऊक नसतें. भारतीय मनुष्यानें घेतलेलें तें पहिलें चलच्चित्र, असें मानितात. पुढें केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथराव परांजपे स्वदेशीं परतले, तेव्हां त्यांच्या सत्काराचें चित्रहि सावेदादांनीं घेतलें. देशांतील चित्रपटाचा पहिला नायक एक मल्ल आणि त्याच्या मागोमाग एक गणिती, ही गोष्ट शाळेंतील मुलांस अवश्य सांगण्यासारखी आहे. टेकडीच्या पलीकडच्या उतारावर बाणगंगेचा तलाव आहे. शिलाहारांच्या कारकीर्दींत, ११२७ सालीं, लक्ष्मण प्रभु नांवाच्या मंत्र्यानें तो बांधला असें सांगतात. खारा समुद्र दगड फेंकण्याच्या अंतरावर असून या कुंडांत गोडें पाणी आहे. भोंवतीं देवळें आणि दगडी पायऱ्या आहेत. उंच इमारतींकडे पाठ करून पायरीवर बसलें, तर आपण मुंबईंत आहोंत हें घटकाभर खरें वाटत नाहीं.

टेकडी उतरून गिरगांवांत आलें म्हणजे मराठी मनुष्य आपल्या अंगणांत येतो. येथें पाहावयाचें पुष्कळ आहे, पण त्यांतील बरेंचसें डोळे मिटून पाहावें लागतें. ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहून धुंडिराज गोविंद फाळके यांच्या मनांत राम-कृष्णांचीं चित्रें हलूं लागलीं, तीं गिरगांवांतच. दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' १८ मे १९१२ रोजीं आणि फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं लोकांपुढें आला, तो गिरगांवच्या कॉरोनेशन चित्रपटगृहांत. त्या चित्रपटगृहाचा आज मागमूस नाहीं. पहिला बोलपट 'आलम आरा' १४ मार्च १९३१ रोजीं गिरगांवच्याच मॅजेस्टिकमध्यें लागला, आणि गर्दी आवरावयास पोलीस बोलवावे लागले. केनेडी पुलाजवळच्या ज्या कलागृहांत तो तयार झाला तेथून आगगाड्या जात. त्यांचा खडखडाट ध्वनीबरोबर मुद्रित होऊं नये म्हणून अर्देशीर इराणी यांनीं मध्यरात्र उलटल्यावर काम केलें. मॅजेस्टिकच्या जागीं आज दुकानें आहेत, आणि त्या बोलपटाची एकहि प्रत उरलेली नाहीं. घर गेलें आणि चित्रहि गेलें. राहिली ती केवळ तारीख.

सर्वच गेलें असें मात्र नाहीं. रॉयल ऑपेरा हाउस हें विसाव्या शतकाच्या आरंभींचें नाट्यगृह कित्येक वर्षें बंद राहून, दुरुस्त होऊन, २०१६ सालीं पुन्हां उघडलें. मनांत आणल्यास जुनी वास्तु वांचवितां येते, याचा हा डोळ्यांसमोरचा पुरावा होय. जवळच खोताची वाडी आहे. दादोबा वामन या पाठारे प्रभु खोतानें येथील जमिनीचे तुकडे ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस दिले, आणि त्यांनीं पुढें ओटी, बाहेरून लांकडी जिना आणि सज्जा अशीं टुमदार घरें बांधलीं. क्रॉस आणि तुळशीवृंदावन एकाच गल्लींत नांदलें. त्यांतील घरें एक एक करून कमी होत चाललीं आहेत. म्हणून जावयाचें तर लौकर जावें.

येथें कोणी आक्षेप घेईल कीं, हें सारें ठीक आहे. पण गळकें छप्पर, मजल्याच्या टोंकास असलेली सामायिक मोरी आणि डुगडुगता जिना यांत ज्यास दिवस काढावे लागतात, त्यानें काय पाहुण्यांच्या करमणुकीसाठीं तसेंच राहावें? हा आक्षेप अगदीं रास्त आहे. जुनेपणाचें कौतुक बहुधा तेथें न राहणारेच करितात. प्रत्येक जुनी भिंत राखावी असें कोणाचेंहि म्हणणें असूं नये. म्हणणें इतकेंच कीं, भिंत पडण्यापूर्वीं तिचें नांव कोणास तरी ठाऊक असावें. तिच्या आड कोण राहिलें, काय झालें, हें घरांतील एखाद्या वहींत उतरून ठेविलेलें असावें. नवीं घरें अवश्य व्हावींत. पण आठवण ठेवल्यानें एकाहि घराचें काम अडत नाहीं.

यासाठीं फारसा खर्च नको. महिन्यांतून एक रविवार पुरे. काळा घोडा आणि फोर्ट यांसाठीं चर्चगेटास, गिरगांवसाठीं चर्नी रोडास उतरावें. मुलांनीं आदल्या दिवशीं एखादा जुना चित्रपट पाहावा, आणि दुसऱ्या दिवशीं त्यांतील एक जागा शोधून काढावी. शोधण्याची गोडी लागली कीं इतिहासाचें पुस्तक आपोआप हातीं येतें. वाड्यांतून हिंडतांना मात्र लोकांच्या खिडक्यांत डोकावूं नये, छायाचित्र घेण्यापूर्वीं विचारावें, आणि बंद इमारतींत शिरण्याचें धाडस करूं नये. पेडर रोडवरील गुलशन महालांत भारतीय चित्रपटांचें राष्ट्रीय संग्रहालय जानेवारी २०१९ मध्यें उघडलें आहे. पावसाळ्यांतील एखादी दुपार तेथें उत्तम जाईल.

शेवटचा मुक्काम दादरास, पूर्वेच्या बाजूस. तेथील एका रस्त्यास दादासाहेब फाळके यांचें नांव आहे. याच रस्त्यावर बिऱ्हाड करून त्यांनीं 'राजा हरिश्चंद्र' सिद्ध केला. घर तेंच, कलागृह तेंच आणि खानावळहि तीच. सरस्वतीबाईंनीं सर्व मंडळींचा स्वयंपाक करावा, रात्रीं कोऱ्या फितीस भोंकें पाडावींत, रसायनें कालवावींत, उन्हांत पांढरी चादर धरून उभें राहावें. दागिने तर त्यांनीं आधींच दिले होते. तारामतीच्या कामास बाई मिळेना, म्हणून उपाहारगृहांत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नांवाच्या तरुणास लुगडें नेसविलें. सुमारें ३७०० फुटांच्या त्या चित्रपटाच्या मागें एका मराठी गृहिणीचा संसार पणास लागला होता. आज त्या रस्त्यावरून जाणारा येणारा मनुष्य पाटीवरील नांव वाचतो. पाटीवर नसलेलें दुसरें नांवहि त्यानें मनांतल्या मनांत वाचावें.

तेथून कांहीं पावलांवर दादर टी. टी. हा चौक लागतो. बसचा वाहक तें नांव दिवसांतून शंभरदां पुकारतो आणि लोक उतरतात. टी. टी. म्हणजे काय, असें मुलांस विचारून पाहावें. बहुतेकांस सांगतां यावयाचें नाहीं. टी. टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. आजीबाईंची ट्राम रात्रीं येऊन थांबत असे ती येथें. रूळ गेले, गाड्या गेल्या, पण दोन अक्षरें अजून लोकांच्या जिभेवर आहेत. नातवानें पुढच्या रविवारीं आजीबाईंचा हात धरून त्यांस या चौकांत आणावें, आणि ट्राम कोठून वळत असे, तें त्यांनाच विचारावें.